जुना प्रोसेसर बदलू का? गेम अडखळतोय (सोलापूर, बजेट १२ हजार)

माग_आणि_माऊस
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या पलीकडे राहतो. खाली पप्पांचे चार यंत्रमाग, वर आमचं घर आणि माझी खोली. २०१८ च्या दिवाळीत पप्पांनी पीसी घेऊन दिला. रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम. २०२० मध्ये शिकवणीच्या पैशातून जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाकलं. तेव्हा अगदी राजासारखं वाटलं होतं.

गेलं वर्षभर त्रास चाललाय. व्हॅलोरंट गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, शंभराच्या आसपास असतो. नेमकं कोणी कोपऱ्यातून बाहेर आलं की रिक्षा खड्ड्यात गेल्यासारखा दणका बसतो आणि आकडा पस्तिसावर येतो. शुद्धीवर येईपर्यंत मी मेलेलो असतो. जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की रस्ता मागून येतो.

इथल्या एका दुकानात विचारलं. त्यांनी कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. "जुनं झालंय, पूर्ण सेट बदला, पासष्ट हजार" म्हणाले. माझ्याकडे बारा आहेत. फक्त प्रोसेसर बदलून रायझन ५ ५६०० टाकला तर जमेल का? की पैसे पाण्यात?

शेंगाचटणी
पासष्ट हजार? त्यात थोडे घालून दुकानच घे बे.

सातरस्ता_सर्व्हर
जमेल. पण आधी मोजमाप कर, मग पाकिटाला हात लाव. आफ्टरबर्नर हे मोजणारं सॉफ्टवेअर टाकून गेम चालू असताना कोपऱ्यात चार आकडे दिसतील असं कर: कार्डचा वापर, प्रोसेसरचा वापर, दोघांचं तापमान.

मग एक सोपी चाचणी. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस भरपूर वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढाच राहिला तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरची वाट बघतंय. २२००जी म्हणजे चार कोअर (काम करणारे हात), चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). आजचे गेम ते चारही खातात. मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, अँटिव्हायरस चालू असेल तर त्यांना जागाच उरत नाही. दणका बसतो तो तिथेच. सरासरी आकडा बघू नकोस, सर्वात खालचा बघ.

पुण्यातला_सोलापूरकर
माझं मत वेगळं. एएम४ हा तुझ्या बोर्डावरचा सॉकेट (प्रोसेसरची खाच) आता जुना झाला. एएम५ २०२२ मध्येच आला. आज बारा हजार घालशील, दोन वर्षांनी परत हेच रडगाणं. थोडं थांब, पैसे साठव आणि एकदाच नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, डीडीआर५ रॅम घे. मी तेच केलं.

शेंगाचटणी
तुमचं हिंजवडीचं पाकीट, त्याचं मागावरचं. कुणाशी तुलना करूलालाव?

पुण्यातला_सोलापूरकर
पाकिटाचं नाही हो, हिशेबाचं बोलतोय. असो.

सातरस्ता_सर्व्हर
हिशेबच करायचा तर रॅमचे भाव बघून या. २०२५ संपता संपता रॅम जी वर गेली ती गेली. नवीन बोर्डाच्या नादात पोराचं अर्धं बजेट रॅममध्येच जाईल. त्याचा बोर्ड बी४५० आहे. बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन केलं की त्याच खाचेत ५६०० बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, म्हणजे वीज खाण्यात जुन्या इतकाच. डब्यात पंखाही येतो. शिवाय २२००जी विंडोज ११ च्या यादीत नाही, ५६०० आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तोही प्रश्न एका दगडात मिटतो.

कडक_भाकरी
धागा पळवतोय, माफी असावी. माझ्याकडे आय५, चौथी पिढी, डीडीआर३. त्याला काही आशा?

सातरस्ता_सर्व्हर
तुमच्या चौथ्या पिढीतली वरची पायरी म्हणजे आय७ ४७९० किंवा झिऑन ई३ १२३१ व्ही३. दोन्हीत चार कोअर, आठ थ्रेड. झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागेल. वापरलेला स्वस्तात मिळाला तर टाका. दुकानातला नवा म्हणून भरमसाट पैसे देऊ नका. आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे नाहीच, इंटेलची आठवी पिढी लागते.

कडक_भाकरी
म्हणजे नाव माझं आणि पीसी पण माझ्यासारखाच, चावायला जड. धन्यवाद.

जुळेची_एडिटर
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, जुळे सोलापूरला. माझा एक प्रश्न: हा त्रास बारा महिने आहे की उन्हाळ्यात वाढतो? तुम्ही मागाच्या वर राहता म्हणून विचारते.

पंखावाला कूलर खोलीतली हवाच फिरवतो, खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ज्या प्रोसेसरचं तापमान सत्तर, तोच आपल्याकडे पत्र्याखालच्या चाळिशीच्या खोलीत पंच्याऐंशीला जातो. वर धूळ बसली की संपलंच. २२००जी ची मर्यादा ९५ अंश. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि गेममध्ये दणका बसतो. मागच्या मे महिन्यात माझी रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) दुपारी दीडपट वेळ घ्यायची. आता रात्री अकरानंतर लावते, गच्चीवर पाणी मारून.

शेंगाचटणी
पाणी? काही दिवसांआड येणारं पाणी कॉम्प्युटर गार करायला? ताई, तुम्ही श्रीमंत आहात.

जुळेची_एडिटर
धुण्याचं पाणी हो. :)

निळा_पडदा
बायोसबद्दल एक. प्रोसेसर बदलायच्या आधी, जुना बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. नवीन बसवून बटण दाबलंत आणि बोर्डाने त्याला ओळखलंच नाही तर पडदा काळा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, कोणता कुठल्या बायोसपासून चालतो ते तिथे दिसतं. खालची टीपही वाचा. काही बोर्डांना मधलं एक बायोस आधी टाकावं लागतं.

आणि यूपीएस असल्याशिवाय करू नका. मी २०२२ च्या जूनमध्ये वळवाचा पाऊस चालू असताना करायला बसलो. ६८ टक्के झालं आणि लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच देवाघरी गेली होती आणि मी नुसता त्याचा हिरवा दिवा बघून खूश. बोर्ड मेला. एकाने चिप काढून परत लिहून दिली, नऊशे रुपये आणि दहा दिवस. तेव्हापासून माझा हा आयडी.

नेटवाले_काका
मुलांनो, उशिरा आलो. मी २००२ ते २०१३ नेट कॅफे चालवला. वीस रुपये तास. संध्याकाळी आठ पोरं एका केबलवर काउंटर स्ट्राइक १.६ खेळायची आणि एवढा आरडाओरडा की शेजारच्या टेलरची मापं चुकायची. त्या मशिनी आठ वर्षं चालवल्या, त्याचं गुपित सांगतो: दर रविवारी ब्लोअर. दुसरं काही नाही.

धागाकर्त्या, तुझ्या खाली माग आहेत. माझ्या एका गिऱ्हाइकाची कारखान्यातली मशीन मी उघडली होती, आत पंखा सापडेना. कापूस काढल्यावर सापडला. तू कॅबिनेट शेवटचं कधी उघडलंस, खरं सांग.

माग_आणि_माऊस
काका... २०२० ला. कार्ड टाकताना.

शेंगाचटणी
🙏

माग_आणि_माऊस
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

आधी आकडे. कार्डचा वापर ४५ ते ५० टक्के, प्रोसेसर १०० टक्के, तापमान ९४. रिझोल्यूशन ७२० केलं, एफपीएस चारने वाढला. म्हणजे सर्व्हरदादा म्हणतात तसं कार्ड झोपलंय.

मग काल कॅबिनेट उघडलं. फोटो टाकायची लाज वाटतेय म्हणून लिहितो. कूलरच्या पट्ट्यांवर कापसाचा थर बसला होता, साधी धूळ नाही, दाबून बसलेला नमदा. नखाने एक कोपरा उचलला तर अख्खा गोल एका तुकड्यात निघाला, खालून पट्ट्यांचे ठसे उमटलेले. आणि रंगीत! खाली सध्या लाल-हिरवी चादर चालू आहे, वरचा थर लाल-हिरवा. त्याखाली निळा. पप्पा हातात घेऊन म्हणाले, "हा निळा लॉकडाउनच्या आधीच्या ऑर्डरचा." कॉम्प्युटरने आमचा सगळा धंदा नोंदवून ठेवला होता.

मागाचा कॉम्प्रेसर लावणार होतो. लावू ना?

नेटवाले_काका
थांब! कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते फवाऱ्यासारखं आत जाईल. हातातला ब्लोअर वापर. वायर काढून, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. नाहीतर हवेने ते भिंगरीसारखं फिरतं आणि बेअरिंग जातं. पॉवर सप्लायमध्ये बाहेरूनच हवा मार, तो उघडायचा नाही.

माग_आणि_माऊस
केलं. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट मात्र काढली नाही, कूलर हलवायची भीती वाटली. तापमान ९४ वरून ७८. व्हॅलोरंट १२० वर, खालचा आकडा पस्तीसवरून सत्तर! एकही रुपया न घालता. दणके आहेत अजून, पण आता निदान मारून मरतो.

पुण्यातला_सोलापूरकर
मान्य, मी कापसाचा विचारच केला नव्हता. पण तोही उपाय तात्पुरता, महिन्याभरात परत भरेल.

शेंगाचटणी
सोपं आहे. कॅबिनेटला सोलापुरी टॉवेल गुंडाळ. भौगोलिक मानांकन असलेला फिल्टर.

जुळेची_एडिटर
हसू नका, कुणीतरी खरंच करेल. जाड कापड लावलंत तर हवाच बंद होईल. मच्छरदाणीची बारीक जाळी घ्या, पुढच्या पंख्याच्या मापाची कापा, कडेला चुंबकाची पट्टी चिकटवा. आठवड्याला काढून झटकायची. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या, कापूस खालीच लोळतो.

सातरस्ता_सर्व्हर
आता दुसरी फुकटातली गोष्ट. एकच रॅम आहे म्हणजे मेमरीचा रस्ता एकपदरी. दोन लावल्या की दुपदरी, आणि पहिल्या पिढीच्या रायझनला त्याचा फरक चांगला जाणवतो. बायोसमध्ये रॅमचा वेगही बघ. डब्यावर ३००० लिहिलेलं असतं आणि त्या वेगाचा प्रोफाइल चालू केलेला नसला की बिचारी २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. किती जणांची वर्षानुवर्षं तशीच चालू असते देव जाणे. दुसरी मिळत असेल तर त्याच वेगाची बघ, दोन्ही मिळून कमी वेगवालीच्या चालीने चालतात.

माग_आणि_माऊस
बघितलं. २४०० वर होती. २०१८ पासून. :(
दुसरी घ्यायची तर आजचा भाव ऐकून परत घरी आलो.

नेटवाले_काका
भाव कशाला विचारतोस. कॅफे बंद केल्यावर ऑफिसांची देखभाल करायचो, तेव्हाची एक पिशवी पडली आहे. डीडीआर४ ची ८ जीबी, ३००० ची एक नक्की आहे. पार्क चौकात ये संध्याकाळी. पैसे नकोत, पण ती लावण्याआधी हात लोखंडाला लाव, अंगातली स्थिर वीज उतरू दे.

कडक_भाकरी
काका, पिशवीत डीडीआर३ आहे का हो?

नेटवाले_काका
तुझ्यासाठी पिशवीच आहे.

माग_आणि_माऊस
रॅम लावली, प्रोफाइल चालू केला. व्हॅलोरंट १४०, खाली पंच्याण्णव. जीटीए मात्र शहरात अजून ४० ला येतो, प्रोसेसर शंभर टक्केच. म्हणजे आता खरंच प्रोसेसरची वेळ आली ना? ५५००, ५६००, ५६००जी, ५७००एक्स३डी यातलं काय? माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

सातरस्ता_सर्व्हर
हो, आता आली. यातला खरा फरक कॅशेचा. तू मागवाला आहेस, तुझ्या भाषेत सांगतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो. भरलेल्या कांड्या हाताशी असतील तर क्षणात चालू. गोदामातून आणायच्या असतील तर तोवर माग उभा. रॅम म्हणजे गोदाम, कॅशे म्हणजे हाताजवळची टोपली. तुझ्या २२००जी ची मोठी टोपली ४ एमबीची. ५५०० आणि ५६००जी ची १६. ५६०० ची ३२. एक्स३डी ची ९६. गेमला कुठली कांडी कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून टोपली मोठी असली की खालचा आकडा सुधारतो.

पण जीटीएक्स १६५० समोर ५७००एक्स३डी म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. ५६०० वर थांब. फक्त एक लक्षात ठेव, ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कधी कार्ड बंद पडलं तर पडदा काळा. आजवर २२००जी मुळे तुला ती सोय होती.

पुण्यातला_सोलापूरकर
या उदाहरणाला +१. मी तीन वर्षं एक्स३डी वापरतोय, मला आज कळलं पैसे कशाचे दिले.

निळा_पडदा
कूलर काढताना सरळ वर ओढू नकोस!! एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात आणि तो वरून दाबून धरलेला नसतो. सात-आठ वर्षांची पेस्ट सिमेंट झालेली असते, कूलरबरोबर प्रोसेसर उपटून येतो. आधी अर्धा तास गेम चालव, गरम होऊ दे. मग बंद करून, वायर काढून, चार स्क्रू सोडव आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळ. सुटला की मग उचल.

माग_आणि_माऊस
तीन दिवसांनी हजेरी लावतोय.

बायोस केलं. यूपीएसची बॅटरी आधी तपासली, टेबललॅम्प लावून मेन बंद केला, दिवा वीस मिनिटं टिकला. निळा_पडदा यांचे आभार. लाईट अर्थातच गेली नाही. तयारी केली की जात नाही.

मग प्रोसेसर. अर्धा तास गेम चालवला, स्क्रू काढले, पिळला, हलला असं वाटलं, उचलला... आणि प्रोसेसर कूलरला लटकलेला. आई दारात उभी होती, ती म्हणाली "झालं का?" मला उत्तर देता येईना. उलटा करून बघितलं, कोपऱ्याजवळची एक पिन आडवी.

पप्पांना हाक मारली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, ते सुताच्या गाठी बघायला वापरतात. शिसं काढलेल्या ०.५ च्या पेन्सिलचं टोक त्या पिनेवर घातलं आणि श्वास रोखून उभी केली. मग जुनं एटीएम कार्ड ओळींमधून फिरवून सरळ आहे का बघितलं. तुटलेला दोरा ओढताना करतात तसं तोंड करून. दहा मिनिटं. मी बाजूला घाम पुसत होतो.

५६०० सहज बसला, नुसता ठेवला की आपोआप खाली गेला. नवीन पेस्ट त्याच्या पंख्याला लावूनच येते. पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर काहीच दिसेना, तेवढ्यात माझं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं. मग आलं.

व्हॅलोरंट २२० च्या वर, खाली दीडशे. जीटीए शहरात ७५, आणि आता कार्ड ९७ टक्के. म्हणजे आता कार्ड घाम गाळतंय. तापमान ७२, दुपारी तीन वाजता, पंखा फुल.

खर्च प्रोसेसरचे साडेनऊ हजार आणि जाळीचे साठ रुपये.

शेंगाचटणी
आता कार्ड बदलायचा धागा काढ. हे व्यसन हाय बे.

जुळेची_एडिटर
अभिनंदन! तुमच्या पप्पांचा हात बघून मला माझा ड्रोन त्यांच्याकडे पाठवावासा वाटतोय.

पुण्यातला_सोलापूरकर
साडेनऊ हजारांत एवढं? ठीक आहे, हरलो. पुढच्या खेपेला हुतात्मा एक्सप्रेसने येताना बाकरवडी आणतो.

कडक_भाकरी
जुना २२००जी विकणार का? माझ्या बोर्डावर बसत नाही ते माहीत आहे, भाच्यासाठी विचारतोय.

माग_आणि_माऊस
उशीर झाला, दिला. नेटवाले काकांचा नातू यंदा पाचवीत, त्याच्यासाठी काका पिशवीतल्या सामानातून पीसी बांधतायत. त्याला स्वतःचं ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर हवा होता. पैसे घेतले नाहीत. आईने शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा पण दिलाय. (दोन्ही आयडींनी गैरसमज करून घेऊ नये.)

नेटवाले_काका
डबा पोचला, भाकऱ्या अकरा होत्या. प्रोसेसरच्या पिनाही भिंगाखाली मोजल्या. नातू एक ओळ मोजायचा, मी एक. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा १३३१ भरल्या. तुझ्या पप्पांना सांग, कुठली वाकली होती ते आम्हाला सापडलं नाही.